हिवाळ्यात फुलणारं विच हेझेल: कोणतं निवडाल?

विच हेझेल हे नाव पुष्कळांना चेहऱ्याला लावायच्या टोनरच्या बाटलीवर भेटलेलं असतं. तो अर्क ज्या झुडपाच्या सालीपासून आणि काड्यांपासून काढतात, त्याच्याच घराण्यातली काही झुडपं ऐन हिवाळ्यात, फांदीवर एक पान नसताना, फुलांनी भरून जातात. लिंबाची साल अगदी बारीक कातरून तिचे झुबके काडीला चिकटवावेत, तशी ही फुलं दिसतात. प्रत्येक फुलाला चारच पाकळ्या, लांबट आणि चुरगळलेल्या. थंडी कडक झाली की त्या गुंडाळल्या जातात, ऊन पडलं की पुन्हा उलगडतात. थंड प्रदेशात बाग करणाऱ्याला वर्षातले तीन-चार महिने बागेत बघण्यासारखं काही उरत नाही. त्या महिन्यांसाठी याहून चांगलं झुडूप मला माहीत नाही.

अडचण येते ती निवडीत. रोपवाटिकेत ‘विच हेझेल’ या एका नावाखाली वेगवेगळ्या जाती आणि त्यांचे डझनभर वाण ठेवलेले असतात. बहुतेक जण फोटोतला रंग बघून एक उचलतात आणि त्यात बहुधा लाल फुलाचा नंबर लागतो, कारण जवळून काढलेल्या फोटोत ते सगळ्यांत देखणं दिसतं. माझा आग्रह आहे की रंगाचा विचार शेवटी करा. आधी ठरवा की हे झुडूप तुम्हाला किती अंतरावरून दिसणार आहे. दारातून जाता-येता अंगाशी असेल, खिडकीतून आठ-दहा मीटरवर असेल, की बागेच्या टोकाला कुंपणापाशी? या उत्तरावर निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी तुमची माती आणि तुमच्याकडची थंडी ठरवतात.

आधी हे बघा: तुमच्याकडे चालेल का?

विच हेझेलला हिवाळा लागतो, आणि खरा लागतो. कित्येक आठवडे गारठा टिकतो, रात्री पाणी गोठतं, अशा ठिकाणी ते खुशीत असतं. जिथे थंडी म्हणजे सकाळी स्वेटर घालण्यापुरती, तिथे ते लावू नका. पानं येतील, झुडूप कसंबसं जगेलही, पण ज्यासाठी लावलं ती फुलं नीट येणार नाहीत. उष्ण प्रदेशात कितीही लाड केले तरी यात फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे जागा. आज गुडघ्याएवढं दिसणारं रोप पंधरा-वीस वर्षांत तीन-चार मीटर उंच आणि तेवढंच रुंद होतं. वाढ हळू असल्यामुळे लोक ते अरुंद वाफ्यात कोंबतात आणि पुढे छाटत बसतात. छाटलेलं विच हेझेल बघवत नाही. त्याच्या फांद्या खालून वर जाताना फुलदाणीसारख्या बाहेर फाकतात आणि तो आकार हेच त्याचं हिवाळ्यातलं निम्मं सौंदर्य आहे. एवढी जागा नसेल तर ‘व्हर्नालिस’ या लहान जातीबद्दलचा भाग आधी वाचा.

पाच मंडळी शेजारी-शेजारी

खाली दिलेले महिने उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर सहा महिने पुढे धरा.

| जात | मूळ | फुलण्याचा काळ | उंची | सोसणारी थंडी |
|---|---|---|---|---|
| मॉलिस | चीन | जानेवारी–फेब्रुवारी | ३ ते ४.५ मी. | उणे २५ अंशांच्या आसपास |
| जॅपोनिका | जपान | जानेवारी–मार्च | ३ ते ४.५ मी. | उणे २५ अंशांच्या आसपास |
| इंटरमीडिया (संकर) | मॉलिस आणि जॅपोनिका | डिसेंबरअखेर–मार्च, वाणानुसार | ३ ते ४ मी. | उणे २५ अंशांच्या आसपास |
| व्हर्नालिस | अमेरिकेतलं ओझार्क पठार | जानेवारी–मार्च | २ ते ३ मी. | उणे ३० अंशांच्या आसपास |
| व्हर्जिनियाना | उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग | ऑक्टोबर–डिसेंबर | ४ ते ६ मी. | उणे ३४ च्याही खाली |

या पाचांखेरीज ‘ओव्हालिस’ नावाची जात २००४ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सापडली आणि २००६ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. इतक्या ओळखीच्या झाडांचा नवा नातेवाईक एकविसाव्या शतकात सापडावा याचं मला फार अप्रूप वाटतं. पण घरगुती बागेसाठी रोप मिळवायचं म्हणाल तर ती अजून दुर्मीळ आहे, म्हणून तुलनेत धरलेली नाही. शुद्ध जॅपोनिकाही मी इथेच बाजूला ठेवतो. तिच्या पाकळ्या सगळ्यांत जास्त चुरगळलेल्या आणि सुरेख असतात, पण वास मंद, आणि तिचे बहुतेक गुण संकरित वाणांत उतरलेले आहेत. खरी चुरस उरलेल्या चौघांत आहे.

मॉलिस की इंटरमीडिया?

वास हवा असेल तर मॉलिसला तोड नाही. गोड, किंचित मसालेदार वास. वारा नसलेल्या दुपारी तो झुडपापासून बराच लांबपर्यंत येतो. फुलं गडद पिवळी, भरघोस, आणि पाकळ्या इतर जातींपेक्षा रुंद. पानं स्पर्शाला मऊ, लवदार.

या झुडपाची बागेत येण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स मेरीज हा वनस्पतिसंग्राहक इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेसाठी चीनमध्ये फिरत होता. त्याने १८७९ साली मॉलिस पाठवलं आणि कूम्ब वुडच्या मळ्यात ते लावलं गेलं. तिथे जवळपास वीस वर्षं कुणाचं त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. लंडनच्या क्यू उद्यानाच्या जॉर्ज निकोल्सन यांनी ते ओळखलं, तेव्हा कुठे त्याची कलमं बांधून ती विकायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं भर हिवाळ्यात फुलणारं झाड मळ्यात उभं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाही त्याचं काही वाटू नये! हिवाळ्यात बागेत फिरायचं असतं हेच तेव्हा पुष्कळांच्या मनात नसावं.

इंटरमीडिया ही माणसाच्या बागेत जुळलेली जोडी. अमेरिकेत बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, मॉलिसचं एक झाड होतं आणि जवळच जॅपोनिका होती. विल्यम जड यांनी १९२८ साली त्या मॉलिसचं बी गोळा करून पेरलं. रोपं मोठी झाल्यावर ती ना पुरती आईवर गेलेली, ना पुरती बापावर. आल्फ्रेड रेडर यांनी १९४५ साली या संकराला इंटरमीडिया हे नाव दिलं. त्यातलंच एक निवडक झाड ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ या नावाने १९६३ साली बाजारात आलं आणि आजही ते सगळ्यांत जास्त लावल्या जाणाऱ्या वाणांपैकी आहे.

मग निवड कशी करायची? दारापाशी, रस्त्यालगत किंवा बसायच्या जागेजवळ एकच झुडूप लावायचं असेल आणि रंगाचा हट्ट नसेल, तर मॉलिस घ्या. रंगांची निवड हवी, फुलण्याचा काळ मागे-पुढे करायचा आहे, शरदात पानांचाही रंग बघायचा आहे, तर इंटरमीडियाकडे वळा. काटकपणात दोघं सारखीच आहेत, त्या मुद्द्यावर अडून बसू नका.

पिवळा, नारिंगी की लाल?

आता रंग. इथे अंतराचा मुद्दा पुन्हा पुढे येतो.

हिवाळ्यातला उजेड क्षीण असतो, आकाश राखाडी, माती काळी-तपकिरी. अशा वेळी पिवळा रंग लांबून उठून दिसतो आणि जितका फिकट तितका जास्त. ‘पॅलिडा’ या वाणाची फुलं गंधकासारखी फिकट पिवळी आहेत आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी ते झुडूप उजळून निघाल्यासारखं वाटतं. वासही दमदार, जवळजवळ मॉलिसच्या तोडीचा. इंग्लंडमधल्या विस्ली उद्यानात हे वाढवलं गेलं. जुन्या पाट्यांवर ते मॉलिसच्या नावाखाली दिसेल, हल्ली त्याची गणना इंटरमीडियात होते. दोन वेगवेगळ्या पाट्या बघून गोंधळू नका, रोप तेच आहे. कुणी मला एकच नाव सांगा म्हणालं तर मी डोळे मिटून ‘पॅलिडा’ सांगतो.

‘अर्नोल्ड प्रॉमिस’ त्याहून गडद पिवळं, जोमदार आणि थोडं उभट. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते उशिरा फुलतं. इतर वाणांचा बहर ओसरू लागतो तेव्हा याचा सुरू होतो, साधारण फेब्रुवारीच्या पुढे-मागे. तुमच्याकडे जानेवारीत बाग बर्फाखाली गाडलेली असते आणि बाहेर पडणं होतच नाही, अशी परिस्थिती असेल तर लवकर फुलणाऱ्या वाणाचा अर्धा बहर वाया जातो. तिथे ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ हीच शहाणी निवड.

नारिंगीत ‘जेलेना’ आणि लालमध्ये ‘डायन’ ही दोन नावं सगळीकडे भेटतात. दोन्ही बेल्जियममधल्या काल्म्टहाउट आर्बोरेटमची. ती बाग फुलवणाऱ्या जेलेना डी बेल्डर यांच्यावरून पहिलं नाव आणि त्यांच्या मुलीवरून दुसरं. ‘जेलेना’ची पाकळी बुडाशी लालसर, मध्ये नारिंगी आणि टोकाला पिवळी. या तीन छटांमुळे लांबून सगळं झुडूप तांब्याच्या रंगाचं भासतं. ते लवकर फुलतं आणि आडवं पसरतं. लालसर छटेची आवड असलेल्यांनी ‘डायन’च्या आधी याचा विचार करावा, कारण नारिंगी रंग मध्यम अंतरावरून दिसतो.

‘डायन’ मला आवडतं, पण ते कुठे लावायचं याबद्दल मी कडक आहे. त्याची गडद लाल फुलं पाच मीटरवरून काळ्या मातीत आणि तपकिरी फांद्यांत विरून जातात. खिडकीतून बघितलं तर झुडूप फुललंय की नाही हेही कळत नाही. वासही अगदी हलका, पुष्कळांना येतच नाही. मात्र तेच झुडूप पायवाटेच्या कडेला लावलं आणि कलता सूर्य त्याच्या पाठीमागून येत असेल, तर एकेक पाकळी पेटल्यासारखी दिसते. खाली बर्फ किंवा स्नोड्रॉपचा पांढरा गालिचा असला तरी लाल रंग खुलतो. अशी जागा असेल तरच ‘डायन’ घ्या.

त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे शरदातली पानं. पिवळ्या फुलांच्या वाणांची पानं गळण्याआधी बहुधा पिवळी होतात, ‘जेलेना’ आणि ‘डायन’ची नारिंगी-लाल होतात. म्हणजे वर्षातून दोनदा रंग. बागेत विच हेझेल एकच असणार असेल आणि वासाची फारशी मातब्बरी नसेल, तर हा हिशेब लालच्या पारड्यात पडतो.

पिवळ्या फुलांना पाठीमागे सदाहरित झाडांची गडद भिंत द्या. होली, यू किंवा कोणतंही दाट कुंपण चालतं. उघड्या आकाशासमोर किंवा पिवळसर भिंतीसमोर लावलेलं ‘पॅलिडा’ निम्मं वाया जातं.

एक दोष सांगायला हवा, कारण विकणारे तो सांगत नाहीत. काही झुडपं वाळलेली तपकिरी पानं हिवाळाभर धरून ठेवतात आणि फुलं त्या पाचोळ्याआड लपतात. हा स्वभाव मॉलिसमध्ये आणि काही संकरांतही दिसतो. एकच वाण एका बागेत स्वच्छ पानगळ करतो आणि दुसऱ्या बागेत करत नाही. झुडूप लहान असेपर्यंत अशी पानं हाताने काढता येतात. मोठं झाल्यावर ते काम होत नाही.

व्हर्नालिस: लहान बाग, जड माती

ओझार्क पठारावर हे झुडूप ओढ्यांच्या खडकाळ, गोट्यांच्या पात्रांत उगवतं. पाण्याचा लोंढा येतो, ओसरतो, आणि हे टिकून राहतं. त्यामुळे जिथे माती चिकण आहे, हिवाळ्यात ओल राहते, तिथे मॉलिस-इंटरमीडियापेक्षा याच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. थंडीही ते जास्त सोसतं.

फुलं लहान, पिवळ्यापासून तांबूस-लालपर्यंत कोणत्याही छटेची. दिसायला मोठ्या संकरांपुढे ती साधी वाटतात. पण बहर पुष्कळ आठवडे चालतो आणि वास तीव्र असतो, इतका की एखाद्या झुडपाचा वास काहींना उग्र वाटतो. म्हणून फुलात असताना हुंगूनच घ्या. बुडापासून फुटवे काढत ते जाळी करतं. नीटनेटक्या वाफ्यात त्याची कटकट होते, पण उतारावर किंवा कुंपणालगत तेच हवं असतं. ‘सँड्रा’ या वाणाची कोवळी पानं जांभळट निघतात आणि शरदात नारिंगी-लाल होतात. तिथे फुलं दुय्यम, पानांसाठीच ते लावायचं.

दोन-अडीच मीटरमध्ये आटोपणारं झुडूप हवं असेल तर मोठ्या संकराला छाटून लहान ठेवण्यापेक्षा हे लावणं केव्हाही चांगलं.

व्हर्जिनियाना: टोनरच्या बाटलीतलं

अर्क काढतात तो याचा. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये त्याचा मोठा धंदा आहे. निसर्गप्रेमी माणसाला हे झुडूप वेड लावेल. ते शरदाच्या शेवटी फुलतं, बाकी सगळं मिटत आलेलं असताना. त्या थंडीत परागीभवन कोण करणार, असा प्रश्न पडतो. थंडीतही उडू शकणारे काही निशाचर पतंग आणि उरलेसुरले कीटक हे काम करतात. परागकण शरदात पोचले तरी खरं फलन पुढच्या वसंतात होतं आणि बी पक्व व्हायला पुन्हा शरद उजाडतो. त्यामुळे फांदीवर या वर्षीची फुलं आणि गेल्या वर्षीची फळं एकाच वेळी दिसतात. फळ वाळून तडकतं तेव्हा काळ्या, चकचकीत बिया कित्येक मीटर लांब फेकल्या जातात, आणि शांत दिवशी तडकण्याचा आवाजही ऐकू येतो.

पण तुम्हाला हवी आहेत हिवाळी फुलं, आणि त्या कसोटीवर हे झुडूप मागे पडतं. पिवळी फुलं पिवळ्या पानांतच उमलतात आणि लांबून वेगळी दिसत नाहीत. कडक हिवाळा सुरू होईपर्यंत बहर संपलेला असतो. माझ्या मते हे दोघांनीच घ्यावं. एक, ज्यांच्याकडे थंडी उणे तीसच्याही खाली जाते आणि बाकीची टिकत नाहीत. दुसरे, ज्यांची बाग मोठ्या झाडांच्या सावलीत, अर्धी रानासारखी आहे. सावली ते इतरांपेक्षा चांगली सोसतं.

कलम आणि खुंट: इथे लक्ष द्या

नाव असलेले बहुतेक वाण कलम करूनच मिळतात आणि खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वाणाची काडी जोडतात ते रोप, बहुधा व्हर्जिनियानाचा असतो. त्यामुळेच साध्या झुडपांपेक्षा ही रोपं महाग असतात. फाटे कापून लावले तर मुळं फुटणं अवघड, आणि मुळं फुटलेलं रोप पहिला हिवाळा काढेल याची खात्री नसते. बियांचा मार्ग तर घरच्या माळ्याला मी सुचवणारच नाही. बी आधी उबेत आणि मग थंडीत राहावं लागतं, कित्येकदा दुसऱ्या वसंतात उगवतं, पुढे फुलं यायला अनेक वर्षं जातात आणि आलेलं झाड आईसारखं असेलच असं नाही.

कलमी रोपाचा धोका एकच, पण तो झाड घालवतो. जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येतात. ते वरच्या कलमापेक्षा जोमदार असतात आणि दुर्लक्ष झालं तर काही वर्षांत कलमाला दाबून टाकतात. ‘डायन’ लावलेल्या माणसाच्या बागेत एका शरदात पिवळी फुलं दिसतात, तेव्हा हेच झालेलं असतं: खुंट मोठा झाला आणि ‘डायन’ खाली गुदमरलं. म्हणून दर वर्षी दोनदा बुंधा तपासा. फुटवा वरवर कापला तर त्याच जागेवरून आणखी चार फुटतात. माती बाजूला सारून, तो जिथून निघाला तिथूनच, कोवळा असताना ओढून तोडायचा. शरदात हे काम सोपं जातं, कारण खुंटाची पानं वेगळा रंग धरतात किंवा वेगळ्या वेळी गळतात.

व्हर्नालिस आणि व्हर्जिनियानाची जातिवंत रोपं स्वतःच्या मुळांवर मिळू शकतात. तिथे ही काळजीच नाही. वर्षातून दोनदा बुंध्याशी वाकणं तुमच्याने होणार नसेल, तर निवड करताना हा मुद्दा रंगापेक्षा वरचा धरा.

माती आणि उन्हाळ्यातलं पाणी

मातीच्या बाबतीत सगळ्यांची मागणी जवळपास एकच: आम्ल ते उदासीन सामू (pH), भरपूर कुजलेला पाला, ओल टिकणारी पण पाणी न साचणारी जमीन. साधारण ४.५ ते ६.५ सामू उत्तम. उथळ चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. लोह मुळांना मिळत नसल्याची ती खूण आहे. तशी जमीन असेल तर विच हेझेलचा हट्ट सोडा, पर्याय पुढे दिले आहेत. पाणी साचणाऱ्या खड्ड्यात मुळं कुजतात, तिथे व्हर्नालिस त्यातल्या त्यात तग धरतं.

ऊन जितकं जास्त तितकी फुलं जास्त, फक्त भर उन्हाळ्यात दुपारी थोडी सावली मिळाली तर पानं करपत नाहीत. जागा वाऱ्यापासून आडोशाची असावी, नाहीतर वास तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि पाणी. विच हेझेल फुलत नाही या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. जानेवारीत उमलणारी कळी त्याआधीच्या उन्हाळ्यात तयार होते. जुलै-ऑगस्टमध्ये झुडूप आठवडे न् आठवडे कोरडं राहिलं, पानांच्या कडा करपल्या, तर हिवाळ्यात फुलं कमी येणार हे तेव्हाच ठरून गेलेलं असतं. हिवाळ्यात खत घालून, पाणी घालून काही परत येत नाही. पहिली काही वर्षं मुळं उथळ असतात, तेव्हा कोरड्या आठवड्यात खोलवर पाणी द्या. बुंध्याभोवती पाच-सात सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, खोडाला न चिकटवता. बुंध्यापर्यंत गवत वाढू देऊ नका, ते ओल आणि अन्न दोन्ही पळवतं. सुट्टीत बाग कोरडी पडते अशांनी मोठं संकरित कलम घेण्याआधी या मुद्द्यावर थांबून विचार करावा.

छाटणी जवळजवळ नाहीच. मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बहर संपल्या-संपल्या काढायच्या. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. गोल, गुच्छातले डोळे फुलांचे आणि लांबट, चपटे डोळे पानांचे, हे ओळखता आलं की कात्री चुकत नाही. दोन-तीन काड्या घरात आणून पाण्यात ठेवाव्यात. उबेत पिवळ्या वाणांचा वास खोलीभर होतो.

रोगकिडीची चिंता फारशी नको. पानांवर शंकूसारख्या गाठी आल्या तर तो माव्याचा उद्योग असतो. दिसायला विचित्र, पण झुडपाला त्याने काही होत नाही. हरणं आणि ससे फिरत असतील तर मात्र कोवळ्या रोपाला जाळी लावाच.

विच हेझेल की दुसरंच काही?

चुनखडीची जमीन असेल तर विंटरस्वीट बघा. मेणासारखी फिकट पिवळी, आत तांबूस झाक असलेली फुलं, आणि वास विच हेझेललाही मागे टाकणारा. पण त्याला ऊन खाणारी भिंत लागते, थंडी ते विच हेझेलपेक्षा कमी सोसतं, आणि लावल्यावर फुलं यायला बरीच वर्षं वाट बघावी लागते. कलमी विच हेझेल मात्र बहुधा विकत घेतानाच फुलावर असतं. चुनखडीवर चालणारा आणि जास्त काटक पर्याय म्हणजे कॉर्नेलियन चेरी. ते हिवाळ्याच्या अखेरीस बारीक पिवळ्या फुलांनी भरतं आणि पुढे खाता येणारी लाल फळं देतं. वास मात्र नाही म्हणण्याइतकाच.

हिवाळी जाई कुठेही, कशाही मातीत येते, फांदी जमिनीला टेकली की मुळं धरते आणि स्वस्तातही मिळते. तिला वास नाही आणि ती आधाराशिवाय लोळते. घाईत असलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला मी तीच सुचवेन, कारण विच हेझेल लावून दोन वर्षांत घर सोडायचं यात काही अर्थ नाही.

बॉडनंट व्हायबर्नम, त्यातही ‘डॉन’ हा वाण, गुलाबी आणि सुगंधी आहे. शरदापासून वसंतापर्यंत टप्प्याटप्प्याने फुलतो, जलद वाढतो, मातीबद्दल फारसा हट्टी नाही. कडाक्याचा गारठा पडला की त्याची उमललेली फुलं तपकिरी होतात आणि पुढच्या टप्प्याची वाट बघावी लागते. विच हेझेलची पाकळी तीच रात्र गुंडाळून काढते आणि दुपारी परत उघडते. थंडी बेभरवशाची आहे, आज ऊन तर उद्या उणे दहा, अशा ठिकाणी मी दर वेळी विच हेझेलच्याच बाजूने उभा राहीन.

रोप घेताना

शक्यतो हिवाळ्यात, फुलावर असतानाच घ्या. तेव्हा खरा रंग दिसतो, वास घेता येतो आणि झुडूप वाळकी पानं धरून ठेवतं का हेही कळतं. पाच-सहा पावलं मागे जाऊन बघा. तिथून फुलं दिसत नसतील तर घरच्या खिडकीतूनही दिसणार नाहीत. कलमाचा जोड शोधा. तो भरून आलेला, घट्ट असावा आणि त्याच्या खालून काही फुटलेलं नसावं. दोन सारख्या रोपांत उंच रोपापेक्षा बुडापासून तीन-चार फांद्या नीट फाकलेलं रोप घ्या, कारण पुढचा आकार त्यावरच ठरतो.

लावताना जमीन गोठलेली नसावी. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा आणि कुंडीतली मातीची पातळी जमिनीच्या पातळीला ठेवा. जोड मातीखाली गाडला गेला तर फुटवे कुठून येताहेत हे कळणारच नाही. पाटी काढून टाकू नका, बुंध्यापाशी खोचून ठेवा. दहा वर्षांनी पिवळी फुलं दिसली, तर हे ‘जेलेना’ होतं की ‘पॅलिडा’, म्हणजे खुंट वर आलाय की वाणच असा आहे, हे ठरवायला तीच उपयोगी पडते.